टाकीभोवती एकशे आठ फेऱ्या

नणंद: परत एकदा सांगा. जरा हळू सांगा.

पंपवाला: पाण्याची टाकी आहे ही, मोठ्या ताई. पिण्याच्या पाण्याची. अख्ख्या गावाला इथूनच पाणी जातं.

वहिनी: अहो, पण पांढरी आहे. वर घुमट आहे.

पंपवाला: घुमट पाण्यावर पानं पडू नयेत म्हणून. आणि पांढरा रंग गेल्या वर्षीच मारलाय, पाणी तापू नये म्हणून.

वहिनी: आणि स्तूप?

पंपवाला: तो पलीकडच्या टेकडीवर. धुकं नसतं तर इथून दिसला असता. तीन दिवस नुसतं दाटून आलंय, तुम्ही तरी काय करणार!

नणंद: आम्ही एकशे आठ फेऱ्या मारल्या आहेत.

पंपवाला: मी मोजल्या नाहीत, पण तेवढ्या असतील.

नणंद: तेवढ्याच आहेत. रोज छत्तीस, तीन दिवस. घेर एकशे वीस मीटर. एकूण तेरा किलोमीटरला चाळीस मीटर कमी.

पंपवाला: घेर बरोबर सांगितलात. नकाशात एकशे वीसच आहे.

वहिनी: वन्सं, घेर काय सांगत बसलात? आपण टाकीला प्रदक्षिणा घातल्या!

नणंद: ते ऐकलं मी.

वहिनी: मी रोज फुलं वाहिली हो. त्या लोखंडी पेटीवर.

पंपवाला: व्हॉल्व्हची पेटी. सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व्ह फिरवायला लागतो, तेव्हा फुलं उचलून बाजूला ठेवायचो. काम झालं की परत जशीच्या तशी.

वहिनी: आणि आतून आवाज यायचा तो? मंद, एकसुरी. मला वाटलं आत भिक्खू पठण करतायत.

पंपवाला: पंचाहत्तर हॉर्सपॉवरचा पंप आहे. बेअरिंग जरा गेलंय, त्याची घरघर.

वहिनी: त्या आवाजानं माझं मन इतकं शांत झालं होतं...

पंपवाला: मलाही झोप येते त्यानं. वरच्या साहेबांकडे तक्रार आहे माझी त्याबद्दल.

नणंद: तुम्ही तीन दिवस बघत होता. एका शब्दानं बोलला नाहीत.

पंपवाला: बोललो की! पहिल्याच दिवशी. "ताई, कुठं जायचंय?" म्हणून विचारलं. तुम्ही दोघींनी हात जोडले आणि पुढे गेलात. पुढच्या फेरीला पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा हात जोडले. तिसऱ्या वेळी मीच हात जोडले. म्हटलं, असेल काहीतरी.

वहिनी: मौन होतं आमचं. तीन दिवसांचं. आत्ता शेवटची फेरी झाली आणि सुटलं.

पंपवाला: ते मला काय ठाऊक? म्हटलं डॉक्टरनं चालायला सांगितलं असेल. साहेबांना फोन लावला. म्हटलं, दोन बाया टाकीभोवती फिरतायत. साहेब म्हणाले, कुंपणाच्या आत की बाहेर? म्हटलं बाहेर. म्हणाले, मग फिरू द्या.

नणंद: मला पहिल्या दिवशीच मीटर दिसला होता.

वहिनी: कुठला मीटर?

नणंद: मागच्या बाजूला. पाण्याचा. काटा फिरत होता.

वहिनी: आणि तुम्ही गप्प राहिलात?

नणंद: मौन होतं. आणि तू तोंडभर समाधान घेऊन पुढे चालत होतीस. म्हटलं, स्तूपाला नळजोडणी असेल.

वहिनी: मला आज सकाळी पाटी दिसली, "प्रवेश निषिद्ध". मला वाटलं अहंकाराला म्हणतायत.

पंपवाला: चहा घेता का? थर्मासमध्ये आहे. बसा त्या बाकावर, दोघी उभ्या का आहात?

नणंद: विहारातल्या भंतेजींनी कागद दिला होता. त्यावर लिहिलं होतं: बस थांब्यापासून चढ, मग डावीकडे, पांढरा घुमट दिसेल. मी शब्दन् शब्द वाचला. चढ चढलो, डावीकडे वळलो, पांढरा घुमट दिसला. चूक कागदाची आहे.

पंपवाला: बघू कागद.

वहिनी: हा घ्या. जपून, ओला झालाय.

पंपवाला: हं. चढ... डावीकडे... पांढरा घुमट... बरोबर आहे तुमचं. आता हा उलटा करतो.

नणंद: उलटा कशाला?

पंपवाला: मागेही लिहिलंय ना.

वहिनी: मागे?

पंपवाला: "सूचना. पहिलं डावं वळण पाणीपुरवठा विभागाच्या टाकीकडे जातं, ते घेऊ नये. दुसरं घ्यावं." खाली रेघ पण मारलीय. दोनदा.

वहिनी: वन्सं.

नणंद: ऐकतेय.

वहिनी: अहो, तुम्ही वजनमाप खात्यात होता.

नणंद: चौतीस वर्षं.

वहिनी: दुकानात शिरल्या की पहिलं वजन उचलून उलटं करायच्या. लग्नाच्या जेवणातसुद्धा वाटी उलटी करून बघितलेली आहे तुम्ही!

नणंद: वजनाचा खोटेपणा तळाला असतो. वरून सगळी सारखीच दिसतात. भोक पाडून शिसं काढतात, शिक्का तळाला असतो.

वहिनी: आणि कागद उलटला नाहीत.

नणंद: नाही उलटला. भंतेजींच्या हातचा होता. त्यांच्यावर संशय काय घ्यायचा?

पंपवाला: असू दे, मोठ्या ताई. वर्षाकाठी दोघं-तिघं येतातच असे, फेऱ्या मात्र तुम्हीच पहिल्या. मागच्या साली एक गृहस्थ आले, ते टाकीकडे तोंड करून दोन तास बसले. उठले तेव्हा म्हणाले, फार मोठा अनुभव आला. मी काही बोललो नाही. अजून लिहिलंय हो यात. वाचू?

नणंद: वाचा. झालीच आहे शोभा, पुरती होऊ दे.

पंपवाला: "सत्तावीस फेऱ्या स्वतःसाठी..."

वहिनी: ते माहीत आहे. पुढच्या बाजूला होतं. सत्तावीस स्वतःसाठी, सत्तावीस प्रिय माणसासाठी, सत्तावीस अनोळखी माणसासाठी, ज्याच्याबद्दल बरंही वाटत नाही, वाईटही नाही. आणि शेवटच्या सत्तावीस ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी. प्रत्येक पावलाला म्हणायचं: सुखी अस, निरोगी अस, निर्भय अस.

पंपवाला: स्वतःसाठी सत्तावीस म्हणजे जरा जास्तच नाही का?

नणंद: नवव्या फेरीला माझं सगळं भलं चिंतून झालं होतं. पुढच्या अठरा नुसत्याच चालले.

पंपवाला: तर मागे काय लिहिलंय... "प्रिय व्यक्ती हयात असावी. गेलेल्या माणसासाठी ही मैत्रीभावना करू नये. मन स्थिर होत नाही, शोक जागा होतो."

(दोघीही चहाच्या पेल्यात बघतात.)

पंपवाला: काय झालं?

नणंद: वहिनी, तू कोणाला धरलंस?

वहिनी: कोणाला धरणार? यांनाच.

नणंद: मीही दादालाच.

पंपवाला: म्हणजे एकच माणूस?

नणंद: माझा भाऊ, हिचा नवरा. आठ महिने झाले जाऊन.

पंपवाला: म्हणजे चोपन्न फेऱ्या त्यांच्याच खात्यात.

नणंद: असताना पण असंच होतं. दोघींच्या ताटातलं चांगलं ते उचलायचा. आम्हीही वाढायचो.

वहिनी: मला खरंच माहीत नव्हतं, हयात पाहिजे ते. शोक जागा होतो म्हणे. झाला होता. काल सकाळी. तुमचा पंप बंद होता ना, तेव्हा अगदी शांत झालं सगळं, आणि...

नणंद: मी मागेच होते तुझ्या. मला वाटलं सर्दी झाली.

वहिनी: तुम्हाला काही बोलावंसं वाटलं नाही?

नणंद: मौन होतं ना.

वहिनी: घरी पण कधी बोलला नाहीत, वन्सं. आठ महिने. घरी काही मौन नव्हतं.

पंपवाला: मी जरा व्हॉल्व्ह बघून येतो.

नणंद: बसा. तुमच्यापासून आता लपवायचं काय राहिलंय? तीन दिवस आमच्याबरोबर आहात.

पंपवाला: बरोबर म्हणजे, खुर्चीत होतो.

वहिनी: खरं म्हणजे तुम्ही त्याहून जास्त होता. अनोळखी माणसाच्या सत्तावीस मी तुमच्या नावानं मारल्या.

पंपवाला: माझ्या?

वहिनी: दर फेरीला तुम्ही दिसायचात. थर्मास, टोपी, मांडीवर वर्तमानपत्र. बरं वाटत नाही, वाईट वाटत नाही. अगदी सूचनेप्रमाणे.

पंपवाला: म्हणून तुम्ही काल दुपारपासून माझ्याकडे तसं बघत होता! मी बाईसाहेबांना, म्हणजे आमच्या घरी फोन करून सांगितलं, की एक बाई माझ्याकडे बघून हसतेय, पण वयस्कर आहे.

वहिनी: सुखी अस, निरोगी अस, निर्भय अस, एवढंच म्हणत होते.

पंपवाला: किती वाजता म्हणत होता?

वहिनी: जेवणानंतर. दोन-अडीचला.

पंपवाला: अडीचलाच कळलं मला. बदली रद्द झाली.

वहिनी: अगंबाई! बघा वन्सं, म्हणजे टाकी असली तरी...

पंपवाला: मला हवी होती ती बदली. घराजवळची होती. चार वर्षं अर्ज करत होतो.

वहिनी: अहो... माफ करा हो.

पंपवाला: तुमची चूक नाही. सुखी अस म्हणालात, कुठं ते तुम्ही बोलला नव्हता.

नणंद: योगायोग आहे. फेऱ्यांनी बदल्या होत नसतात. मी सरकारी नोकरी केलेली आहे.

पंपवाला: मग शत्रूच्या सत्तावीस कोणाला दिल्या, ताई? नाही, मला काळजी वाटतेय त्या माणसाची.

वहिनी: ते नाही सांगता येणार.

नणंद: मी सांगते माझा. एक किराणा दुकानदार होता. पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पाच किलोच्या वजनातून पाव किलो शिसं काढलेलं. मी पकडलं, त्यानं वरपर्यंत हात पोहोचवले, आणि बदली झाली ती माझी. सत्तावीस फेऱ्या त्याला सुखी अस म्हटलं. अठराव्या फेरीला सहज विचार आला, तोही बहुतेक मेलेला असेल.

पंपवाला: शत्रू हयात पाहिजे असं काही लिहिलेलं नाही.

नणंद: मग चालेल. वहिनी, तुझा?

वहिनी: राहू द्या ना.

नणंद: मी आहे ना?

वहिनी: वन्सं...

नणंद: सत्तावीसच्या सत्तावीस?

वहिनी: हो.

नणंद: एकही गाळली नाहीस?

वहिनी: तेविसावीला ठेच लागली, मध्येच थांबले. म्हणून ती परत मारली.

नणंद: म्हणजे साडेसत्तावीस झाल्या. कशाबद्दल?

वहिनी: तुम्हाला राग येईल.

नणंद: राग तुला आलेला आहे. मला फक्त कारण हवंय.

वहिनी: काटा. ओट्यावरचा तुमचा तो काटा. एकतीस वर्षं मी बाजारातून पिशवी घेऊन यायची, घामाघूम व्हायची, आणि मी पाणी प्यायच्या आत तुम्ही पिशवी उघडून एकेक भाजी काट्यावर ठेवायच्या. मी नवी नवरी होते तेव्हापासून. पाहुण्यांसमोर. माझ्या आईसमोर एकदा. हे हसायचे, म्हणायचे खात्याची सवय आहे तिची. मला वाटायचं, आपण चोर आहोत या घरात. मी कपडे शिवून चार पैसे मिळवायची, कोणाचं ओझं नव्हते मी. तरी रोज तपासणी.

नणंद: मी तुला तपासत नव्हते.

वहिनी: मग काय करत होता?

नणंद: भाजीवाल्याला. तू कोणाशी घासाघीस करत नाहीस, काट्याकडे बघत नाहीस, तोंडाकडे बघतेस. तुझ्यासारख्या गिऱ्हाइकाला बाजार सोलून काढतो. पहिल्या महिन्यात तुझ्या तीन किलो बटाट्यात चारशे ग्रॅम कमी निघाले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात जाऊन वजनं जप्त केली. नंतर वाटाण्यावाल्याची. मग तो कोपऱ्यावरचा. आपल्या भागात पाच जणांवर खटले भरले मी, सगळे तुझ्या पिशवीवरून.

वहिनी: हे मला कधी सांगितलं नाहीत.

नणंद: खात्याची माहिती घरात बोलायची नसते.

वहिनी: एकतीस वर्षं?

नणंद: नियम आहे.

पंपवाला: आमच्याकडेही आहे. क्लोरीन किती घातलं, ते घरी बोलायचं नसतं.

वहिनी: मला रडू येतंय आणि तुमच्या दोघांच्या गळ्यात एकेक वजन बांधावंसं वाटतंय.

नणंद: फेऱ्यांचा उपयोग झाला का? राग गेला?

वहिनी: पंचविसावीपर्यंत काही म्हणजे काही झालं नाही. नुसता काटा दिसत होता. मग पाय इतका दुखायला लागला की कोणावर रागावलेय तेच आठवेना. त्याला जाणं म्हणतात की काय, देव जाणे. आता सांगा, अनोळखी म्हणून तुम्ही कोणाला धरलंत? यांनाच?

पंपवाला: मला दोघींनी धरलं असेल तर आता पेन्शनही रद्द होईल.

नणंद: नाही. तुला.

वहिनी: मला काय?

नणंद: अनोळखी म्हणून. तुला धरलं.

वहिनी: मला?

नणंद: हो.

वहिनी: एका घरात एकतीस वर्षं! तुमच्या तापात मी उशाशी बसलेय. तुमचे ब्लाउज मी शिवलेत, तुमच्या अंगाचं माप मला तोंडपाठ आहे. त्या किराणावाल्याला तुम्ही शत्रू केलंत. निदान शत्रू तरी करायचं होतं मला! मी तुमच्यावर राग धरला, म्हणजे काहीतरी धरलं ना? आणि मी? बरी नाही, वाईट नाही. खुर्चीतला माणूस.

पंपवाला: खुर्चीतला माणूस इतका काही...

वहिनी: तुम्ही थांबा हो जरा.

नणंद: वहिनी, ऐक. दादा गेला, त्याचं सगळं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तू आंघोळीला गेली होतीस. म्हटलं, आज आपण चहा करू. केला. दोन कप भरले. साखरेचा डबा उघडला, आणि कळेना तुझ्या कपात किती घालायची.

वहिनी: चहा?

नणंद: दादाचं माहीत होतं. अडीच चमचे. डॉक्टरनी बंद केली तरी अडीच. तुझं माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत मी तुझ्या पिशवीतलं सगळं मोजलं आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी तो चहा मोरीत ओतला. तू बाहेर आलीस, म्हणालीस, वन्सं, चहा झाला का? मी म्हटलं, गॅस संपलाय.

वहिनी: म्हणून मी त्या दिवशी सिलिंडर मागवला. भरलेला होता, परत नेला त्यांनी. बोलणी खाल्ली मी!

नणंद: तेव्हाच ठरवलं. दादा होता तोवर ते माझ्या भावाचं घर होतं. आता ते एका बाईचं घर आहे, जिला मी ओळखत नाही. तिच्याकडे मी कोण म्हणून राहायचं? म्हणून ती खोली घेतली.

पंपवाला: कुठली खोली?

वहिनी: ज्येष्ठ नागरिकांचं निवास आहे एक. एक तारखेपासून या तिकडे चालल्यात. खाट, कपाट आणि खिडकी. महिन्यापूर्वी मला सांगितलं, जसं गिरणीतून दळण आणायला चालल्यात. मी म्हटलं जा, मी कोण अडवणार? फक्त जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर स्तूपाला चला. मला वाटलं, मनात राग ठेवून निरोप द्यायला नको.

पंपवाला: आणि निरोप टाकीवर झाला.

नणंद: अजून नाही झाला. आज पाचच्या आत फोन करून नक्की सांगायचंय. नाही केला की खोली यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. चौदा जणी रांगेत आहेत. इथे रेंज आहे का?

पंपवाला: टाकीच्या त्या कोपऱ्यात येते.

नणंद: गोल टाकीला कोपरा?

पंपवाला: शिडीपाशी. दुसऱ्या पायरीवर उभं राहायचं, तोंड उत्तरेला. किती वाजले? सव्वादोन. भरपूर वेळ आहे.

वहिनी: करा तुम्ही फोन, वन्सं. मी बसते इथे.

नणंद: सत्तावीस फेऱ्या मी तुझ्या मागून चालले.

वहिनी: अनोळखी म्हणून.

नणंद: अनोळखी म्हणून. तू डावा पाय ओढतेस.

वहिनी: शिलाई मशीनचा पाय आहे तो. सात वर्षं झाली.

नणंद: सात वर्षं मला दिसला नाही. बाराव्या फेरीला दिसला. मग पदर तू उजव्या हातानं दोनदा चाचपतेस, किल्ल्या आहेत की नाही बघायला. किल्ल्या खाली गावातल्या लॉजवर ठेवल्यात तरी चाचपतेस. वळण आलं की मान थोडी मागे करतेस, मी येतेय का बघायला. प्रत्येक वळणावर. टाकी गोल आहे, म्हणजे सारखीच बघत होतीस. माणूस शत्रूसाठी एवढं बघतो का, मला माहीत नाही.

वहिनी: तुम्हाला चक्कर येते कधी कधी. लक्ष ठेवायला नको?

पंपवाला: ताई, धुकं हटलं. तो बघा स्तूप.

वहिनी: कुठे?

पंपवाला: माझ्या बोटाच्या रेषेत. झाडाच्या डाव्या हाताला, पांढरं.

वहिनी: तो? एवढासा?

पंपवाला: लहानच आहे. टाकी मोठी आहे ना.

नणंद: घेर?

पंपवाला: वीस मीटर असेल. जास्त नाही.

नणंद: वीस गुणिले एकशे आठ. दोन हजार एकशे साठ मीटर. म्हणजे सव्वादोन किलोमीटरला थोडं कमी. इथून जायला किती?

पंपवाला: मला अर्धा तास. तुमच्या पायांना तास. गावात जायची शेवटची बस सहाला आहे, पण ती पलीकडच्या उतारावरून मिळते. इकडे परत यायची गरज नाही.

वहिनी: आज? परत एकशे आठ?

नणंद: सूचना वाचून काम करायचं तर पूर्ण करायचं. टाकीला घातलेल्या मी धरत नाही. शिक्का नसलेलं वजन चालत नाही.

पंपवाला: फुकट नाही गेल्या हो. गाव पाणी पितंय त्याचं. तीन दिवसांत कोणाची तक्रार आली नाही, नाहीतर रोज चार येतात.

वहिनी: मग या वेळी कोणाला धरायचं? आमच्या यांना तर धरायचं नाही. मला जरा... त्यांना सोडून दुसरं कोणी धरायचं म्हणजे...

नणंद: हयात माणूस पाहिजे.

वहिनी: माझं लेकरू नाही, आईवडील नाहीत. हयात म्हणायला तुम्हीच उरलात.

नणंद: मला शत्रू धरून झालंय तुझं.

वहिनी: ते टाकीपाशी. ते तुम्हीच धरत नाही म्हणालात. आणि शत्रू म्हणून आता कोणाला आणू? माझ्याकडे दुसरा नाही.

नणंद: किराणावाला घे. उसना देते.

वहिनी: चालेल. अनोळखी म्हणून मी पुन्हा यांनाच धरते.

पंपवाला: धरा, पण या वेळी "घराजवळ" असा शब्द घाला मध्ये.

वहिनी: घालते. वन्सं, तुमचं काय? अनोळखी कोण?

नणंद: त्या निवासाच्या यादीत पहिल्या नंबरावर एक बाई आहे. मी तिला बघितलेलं नाही, नाव माहीत नाही. तिला सुखी अस म्हणीन.

वहिनी: आणि प्रिय?

नणंद: ते सांगायचं नसतं.

वहिनी: असं कुठे लिहिलंय?

पंपवाला: दोन्ही बाजूंना नाही लिहिलेलं.

नणंद: पाण्याची बाटली घे, वहिनी. काठी देता का एखादी? हिच्या डाव्या पायाला.

पंपवाला: ही न्या. व्हॉल्व्हची आहे, माझ्याकडे दुसरी आहे. मोठ्या ताई, तुमचा फोन राहिला. आत्ताच करा, वर स्तूपापाशी रेंज नाही. एकदा वाटेतला ओढा ओलांडला की कुठेच नाही.

नणंद: ऐकलं.

वहिनी: वन्सं, फोन. पाच वाजतील तिथे.

नणंद: वाजू देत. तू पुढे हो. मी मागून येते.

वहिनी: दरवेळी मीच का पुढे?

नणंद: तुझा पाय दिसला पाहिजे मला. मौन चढाच्या वर गेल्यावर सुरू करू. त्याच्या आधी एक सांग.

वहिनी: काय?

नणंद: साखर किती लागते तुला? चहात.

वहिनी: दीड चमचा.

नणंद: सपाट की शिगोशीग?

वहिनी: आवडतो शिगोशीग. पण तुमच्यासमोर आजवर सपाटच घेतला.

नणंद: उद्यापासून शिगोशीग घे.